पडवीच्या भिंतीवरचा संकासुर

गुहागरजवळच्या वाडीत हौसाइतकी बोलणारी बाई नव्हती, आणि तिच्याच पोटी चिमा आली, जन्मापासून बहिरी. नवरा आगबोटीवर खलाशी. अंगारेधुपारे हौसाने केलेच नाहीत. स्वतः मराठी चौथी शिकलेली. पोरगी वाचेल असं तिने ठरवलं आणि कामाला लागली.

बहिऱ्या पोरांसाठी पुस्तक कुठून मिळणार? तिने पडवीची भिंत घेतली, चुलीतला कोळसा घेतला आणि काढला संकासुर. शिमग्यात पालखीबरोबर फिरणारा, काळ्या कपड्यांचा, उंच टोपीचा, पांढऱ्या दाढीचा. सोंग अंगावर असेतो त्याने तोंडातून शब्द काढायचा नाही, हा वाडीचा दंडक. हौसाने खुणांनी लेकीला सांगितलं, हा तुझ्यासारखा आहे. आठ वर्षांच्या पोरीला ते पटलं, पटणारच. भिंतीवरचा संकासुर बुडती होडी ओढी, वाघाला शेपटी धरून गरगरा फिरवी. खाली अक्षरं असत: संकासुर ओढतो. संकासुर पळतो. काका बोलतो. चिमा वाचून बरोबर खूण करी. लिही मात्र फक्त बघून.

शाळेचे मास्तर म्हणाले, "नक्कल माकडही करतं, बाई. शिमगा सरेपर्यंत मनाने एक वाक्य लिहून दाखवू दे. मग शाळेत नाव घालतो."

पालखीच्या दिवशी दुपारी संकासुर अंगणात आला. सोंगात होता हौसाचा दीर आत्माराम. उन्हाने जीव कासावीस झालेला. हौसाने कोकमाचं सरबत दिलं. त्याने तोंडावरचं काळं फडकं वर केलं, घोट घेतला.

"वहिनी, मीठ घालायला इसरलीस."

"सोंगाला चव कशाला लागते?" हौसा हसली, आणि मागे वळली.

चिमा दारात उभी होती. तिने त्याचे ओठ हलताना पाहिले होते, आईने त्याला हसून दिलेलं उत्तरही पाहिलं होतं. पोरीचा चेहरा चुन्यासारखा झाला. रडली नाही. चालत पडवीत गेली, कोळसा उचलला आणि भिंतीवर दाबून लिहिलं: संकासुर बोलतो.

हौसाने ते वाचलं. हे वाक्य तिने कधीच लिहिलं नव्हतं. लेकीचं पहिलं वाक्य, आणि ते आईची लबाडी पकडणारं.

आत्मारामने ते वाचलं आणि हादरला. "पूस ता, वहिनी. पालखीच्या मानकऱ्यांनी बघितलं तर माझी धडगत नाय."

"हात लावून बघा, भावोजी." ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "मास्तर बघेपर्यंत हे पुसायचं नाही."

तो घटकाभर घुटमळला. मग फडकं खाली ओढलं आणि तरातरा निघून गेला. पळाला, असंच हौसाला वाटलं. पण तो परतला तो मास्तरांचं मनगट धरून. बोलायचं नाही, म्हणून सगळ्या वाडीतून ओढत आणलं होतं. मागे पोरं, मागे दोन मानकरी.

मास्तरांनी भिंत वाचली. संकासुराने चिमाकडे बोट दाखवलं.

"हिने लिहिलं?" मास्तर गोंधळले. "पण हे खोटं आहे. संकासुर कुठे बोलतो? भिंतीवरच्या शब्दांतले दोन जोडले, झालं. समजून लिहिलं कशावरून?"

हौसाने दिराकडे पाहिलं. मानकरीही पाहत होते. चिमाची नजर त्या काळ्या फडक्यावरून हलत नव्हती.

आत्मारामने फडकं वर केलं.

"खरं हाय, मास्तर," तो म्हणाला. "मघाशी बोललो. पोरीने बघितलं."

मास्तरांनी भिंत पुन्हा वाचली.

आत्मारामला देवळात नारळ ठेवून माफीचं गाऱ्हाणं घालावं लागलं आणि टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर गेली. चिमाचं नाव शाळेत लागलं. ती महिनाभर काकाच्या वाऱ्याला उभी राहिली नाही, आईशीही धुसफुसत होती. मग एका सकाळी हौसा नवा संकासुर काढायला बसली, तेव्हा पोरीने तिच्या हातातला कोळसा हिसकावला आणि दाढीच्या मधोमध आधी तोंड काढलं. चांगलं मोठं, उघडं.