लाभ, दोन, तीन

गोधडीला पैसे पडतात, हे गोदूबाईंना साठी उलटेपर्यंत ठाऊकच नव्हतं. त्यांच्या लेखी गोधडी म्हणजे घरातच पिकणारी वस्तू. आईचं लुगडं विरलं की ते वरच्या अंगाला, बापाचं धोतर खाली, भावंडांचे फाटके सदरे मधल्या थरात, आणि दोरा म्हणाल तर तोही जुन्या लुगड्याच्या काठातून उसवून काढलेला. विकत काय, तर सुई. तीही हरवली तर अख्ख्या घराने ओटा झाडून शोधायची.

पण आता उरणजवळच्या त्या खाडीकाठच्या गावात सुती लुगडं नेसणारी बाई औषधालाही सापडत नाही. घरातून निघतात त्या जॉर्जेटच्या साड्या. त्यांच्यावरून सुई घसरते, आणि अशी गोधडी अंगावर घेतली तर पहाटेपर्यंत ती पलंगाखाली जाऊन पडते. हौस मात्र तशीच राहिली. मग गोदूबाई बाजारात जाऊन सुती कापड घ्यायच्या, दोऱ्याची रिळं घ्यायच्या, शिंप्याकडून आतल्या थरासाठी चिंध्या घ्यायच्या, आणि चिंध्याही आता वजनावर मिळतात. येताना गुडघे बोलायला लागले की रिक्षा. नवरा धर्मा गेल्यापासून दुपार त्यांना खायला उठायची, ती टाके घालताना निमूट सरायची. झालेल्या गोधड्या नात्यागोत्यात कुणाच्या बाळंतपणाला, कुणाच्या लग्नाला जायच्या.

सगळं सुरळीत चाललं होतं. बोलून घालवलं ते गोदूबाईंनी स्वतःच. सुनेची, म्हणजे हेमालीची, बहीण मृणाली एकदा राहायला आली होती. तिने गोधडीवरून हात फिरवला आणि सहज विचारलं की ही केवढ्याला पडते, कारण तिने नुकतंच मोबाइलवरून सातशे रुपयांत ब्लँकेट मागवलं होतं. पोरीच्या मनात काही नव्हतं, पण गोदूबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"तुज्या ब्लांकिटापेक्षा एक रुपया जरी जास्त पडला ना," त्या म्हणाल्या, "तर ही गोदू परत सुईला हात लावनार न्हाय."

असं ताडकन बोलायचं आणि मग बोललेलं निभावायचं, हे दोन्ही त्यांच्यात त्यांच्या बापाकडून आलेलं. येसाजी मिठागरावर मापारी होता. उन्हाळ्यात बाया-माणसं मिठाच्या टोपल्या डोक्यावर घेऊन बांधावरून ओळीने यायची, आणि राशीपाशी उभा राहून येसाजी मोजायचा. पहिल्या टोपलीला तो जन्मात कधी 'एक' म्हणाला नाही. भात मापा नाहीतर मीठ, मापाची सुरुवात लाभानेच करायची, ही जुनी रीत. "लाभ... दोन... तीन..." असा त्याचा आवाज खाडीपलीकडे ऐकू जायचा. लाभाची टोपली काठोकाठ भरलेली पाहिजे, असा त्याचा दंडक होता, आणि एकदा पुकारलेला आकडा तो मालकाच्या बापाला घाबरून बदलत नसे.

गोदू तेव्हा परकरात होती. सगळ्यांत धाकटी, उन्हात ताटकळू नये म्हणून बाप तिला ओळीत पहिली ठेवायचा. तिची टोपली खाली आली की तो तिच्याकडे न बघता पुकारायचा, "लाभ!" आपलंच ते दुसरं नाव असणार असं वाटून ती मोठ्याने "ओ" द्यायची, आणि सगळी ओळ हसायची. बापाने तिला कधी समजावून सांगितलं नाही. त्यालाही बहुधा ते आवडत असावं. आज त्या मिठागरावर कंटेनरच्या थप्प्या आहेत. गोदूबाईंचा मुलगा अल्पेश याचा ट्रेलर तिथूनच भरून निघतो, आणि आपण आजोबाच्या राशीवर गाडी लावतो हे त्याच्या गावीही नसतं. गोदूबाई मात्र रस्त्याने जाताना त्या बाजूला बघायचं टाळतात.

तर गोधडीचा हिशोब. हेमाली एका वाहतूक कंपनीत हिशोबच बघते आणि घरखर्चही मोबाइलवर मांडते. वाढलेली पनवेलच्या बिल्डिंगमध्ये, पण पोर गुणी. सासूबाई बोलून बसल्या तेव्हा तिला हसू आलं, आणि ती म्हणाली की पाडव्यापासून पाडव्यापर्यंत लिहून बघू, त्यात काय. तेव्हापासून गोदूबाई बाजारातून आल्या की ओट्यावर पाय सोडून बसायच्या, पिशवीतून एकेक जिन्नस काढायच्या आणि बापाच्या थाटात पुकारायच्या. हेमाली आतून भाजी चिरता चिरता मोबाइलवर टिपून घ्यायची. पिशवीत सगळ्यांत भारी जे असेल तेच पहिलं निघायचं, कारण लाभ काठोकाठ पाहिजे.

वर्ष असं गेलं. पाडव्याला हेमालीने बेरीज काढली आणि सांगितलं की गोधडी साडेतीनशेलासुद्धा पडत नाही. मग काय विचारता, गोदूबाईंना आकाश ठेंगणं झालं. मृणालीला फोन गेला. शेजारच्या सोनूबाईंना ओट्यावर बोलावून सांगून झालं, आणि त्यांना पहिल्या खेपेला नीट कळलं नसेल म्हणून दुसऱ्यांदा सांगून झालं. त्याच तोऱ्यात त्या नवीन कापड आणायला बाजारात गेल्या.

तिथे दुकानदाराने पैसे सांगितले आणि त्यांचा चेहरा उतरला. नुसत्या कापडाचेच साडेतीनशेच्या वर होत होते. दोरा राहिला, चिंध्या राहिल्या, रिक्षा राहिली. मापाऱ्याच्या लेकीला अक्षर येत नसलं तरी एवढी बेरीज येत होती. त्या रिकाम्या हाताने परतल्या. गप्प बसल्या असत्या तर कुणाला पत्ता लागणार नव्हता. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, आणि त्यांचं तांबडं तर त्यांच्याच छातीत फुटलं होतं. त्यांनी हेमालीला समोर बसवलं आणि सगळं पहिल्यापासून वाचायला लावलं.

"जमा, दोनशे चाळीस," हेमालीने वाचलं. "लाभ, दोऱ्याची रिळं."

"जमा कसं? दोरा मी इकत घेतला."

"तुम्हीच म्हणालात ना, आई. लाभ, रिळं, दोनशे चाळीस. मला वाटलं, तुम्ही एवढ्या जुन्या गिऱ्हाईक, तो दुकानदार तुम्हाला कॅशबॅक देतोय."

दर खेपेचा पहिला आणि सगळ्यांत भारी जिन्नस हेमालीने वर्षभर असा जमेला लिहिला होता. गोदूबाईंनी लाभ म्हणजे काय ते सांगितलं. हेमालीला आधी कळेना, मग कळलं, आणि मग दोघी अशा हसल्या की अल्पेश जेवणावरून उठून बाहेर आला. डोळे पुसत हेमालीने आकडे इकडचे तिकडे केले. गोधडी अकराशेच्या घरात गेली. हसू तिथेच थांबलं.

हेमालीने सांगून पाहिलं की रिक्षाचे पैसे धरू नका, तुम्ही भाजीलाही जाताच की. चूक तिची होती, तर मागचं वर्षच मोजायचं नको. मृणाली काही विचारायला येत नाही.

"रिक्षात मीच बसली ना?" गोदूबाई म्हणाल्या. "माप खोटं न्हाय चालायचं, पोरी."

त्यांनी सोनूबाईंकडे जाऊन खरा आकडा सांगितला, मृणालीलाही फोन लावून सांगितला, आणि सुईदोऱ्याचा डबा, अर्धी झालेली गोधडी अल्पेशकरवी माळ्यावर चढवली. त्यानंतरच्या दुपारी फार वाईट गेल्या. त्या टीव्हीसमोर बसायच्या, पण त्यांचा अंगठा आणि बोट पदराच्या काठावरून पुढे पुढे सरकत राहायचं, टाका घालावा तसं. कुणी विचारलं तर बरं हाय म्हणायच्या. जेवण कमी झालं. हेमालीला ते बघवेना. एका शब्दाच्या घोळातून आपण म्हातारीचा विरंगुळा काढून घेतला, हे तिच्या मनाला लागून राहिलं होतं.

एका रविवारी ती एकटीच बाजारात गेली. आली ती पिशवी घेऊन, सासूबाईंच्या पायाशी फरशीवर बसली. माळ्यावरची गोधडी तिने आधीच खाली काढून घेतली होती.

"सुई तुम्ही सोडलीत, आई. मी कुठे सोडलीय? ही मी पुरी करणार. खर्च माझ्या नावावर. तुम्ही नुसतं सांगायचं."

गोदूबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. सुनेच्या या वकिलीत फट कुठे आहे ते शोधून पाहिलं, ती सापडली नाही.

"मी सुईला हात न्हाय लावनार," त्या म्हणाल्या.

"नका लावू."

"आनि वाकडा टाका आला तर उसवाय लावीन."

हेमाली कबूल झाली. तिने मोबाइल बाजूला ठेवला, पिशवी उघडली, आणि सगळ्यांत भारी जिन्नस वर काढला. निळ्या सुती कापडाची घडी होती, चांगली जाड. ती तिने दोन्ही हातांनी गोदूबाईंच्या ओटीत ठेवली. येसाजी गेल्यापासून गोदूबाईंनी दुसऱ्या कुणाच्या तोंडून तो शब्द असा पुकारलेला ऐकला नव्हता.

"लाभ," हेमाली म्हणाली.

"ओ," गोदूबाईंच्या तोंडून निघून गेलं.

हेमालीला काही कळलं नाही. सासूबाई खाली मान घालून कापडावरून हात फिरवत होत्या, नुसत्या फिरवतच होत्या. मग तिने रीळ काढलं आणि म्हणाली, "दोन."