किल्ली मालकाकडे

साडेतीन वाजता गाळ्यासमोरच्या केमिस्टकडून राणेबाईंचा फोन आला. "सामंत, शटर बंद आसा. मी भायर बसलंय, भाजी उन्हात."

गाळा मुलुंडचा. मिळवून दिला होता मी. दुकानांच्या जागा भाड्याने लावून देणं हा माझा धंदा.

राणेबाईंच्या नवऱ्याची मिल बंद पडल्यापासून घर त्यांच्यावर होतं. त्या निवडलेली, चिरलेली भाजी आणि खोवलेला नारळ विकायच्या. ऑफिसातून परतणाऱ्या बायका सहानंतर पिशव्या घेऊन जायच्या. आधी हे सगळं चाळीतल्या खोलीत चालायचं, पण देठा-सालांवरून शेजाऱ्यांनी ते बंद पाडलं. आता गाळा चालला तरच धंदा चालणार होता.

मालक अभ्यंकर, रिटायर्ड हेडक्लार्क. त्या काळी भाडेकरू एकदा आत आला की कायद्याने बाहेर काढणं जवळजवळ अशक्य. म्हणून मालक 'लीव्ह अँड लायसन्स' करायचे. म्हणजे अकरा महिने जागा वापरायची परवानगी, ताबा मात्र मालकाचाच. तो दिसावा म्हणून अभ्यंकरांनी आत स्वतःचं लोखंडी कपाट ठेवलं आणि किल्ली स्वतःकडे. शटर रोज तेच उघडणार.

जागा दाखवण्याआधी मी अठरा मुद्द्यांची यादी तपासतो. मीटर, नळ, माळा, सोसायटीचं पत्र, सगळ्यावर टिक होती. 'शटर मालक उघडेल' हेही मीच लिहिलं होतं. किती वाजता, ते विचारलं नव्हतं.

अभ्यंकर दोन ते पाच झोपायचे. त्यांना उठवायची त्यांच्या बायकोचीही तयारी नव्हती. त्या पहिल्या दिवशी गाळा पाचला उघडला. सहाला बायका आल्या तेव्हा राणेबाई अजून गवार मोडत होत्या. निम्म्याजणी तशाच गेल्या. दुसऱ्या दिवशीही तेच झालं.

तिसऱ्या दिवशी मी दोघांना समोरासमोर बसवलं आणि डुप्लिकेट किल्लीचं सुचवलं.

"सामंत, किल्ली गेली की जागा गेली," अभ्यंकर म्हणाले. "माझ्या भावाची खोली अशीच गेली."

माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता. राणेबाईंकडे होता.

"काका, किल्ली ऱ्हांदे तुमच्याकडेच. दोन वाजता शटर उघडा आणि आतच झोपा. पंखा आसा."

अभ्यंकर माझ्याकडे वळले. म्हणाले, "वकिलाला विचारा, झोपलेल्या माणसाचा ताबा धरतात का?"

वकील हसले. म्हणाले, झोपलेला मालक कपाटापेक्षा बरा.

दुसऱ्या दिवशी कपाटाशेजारी आरामखुर्ची आली. मालक घोरायचे, राणेबाई चिरायच्या. महिन्याभरात घोरणं चारला संपू लागलं, कारण नारळ खोवल्याचा आवाज. जागे झाल्यावर नुसतं बसवेना, म्हणून अभ्यंकर मटार सोलू लागले. शेंगा किडक्या निघाल्या की राणेबाईंना हेडक्लार्कसारखे झापायचे. त्याही सोडायच्या नाहीत. "काका, तुमचो पगार कापतंय," म्हणायच्या.

अकरा महिन्यांनी नव्या कराराचे कागद घेऊन गेलो. दुपारचे तीन. शटर वर, सुरी चालू, खुर्ची रिकामी. अभ्यंकर आठ दिवसांसाठी मुलीकडे पुण्याला गेले होते.

"मग उघडलं कोणी?"

राणेबाईंनी कमरेची किल्ली दाखवली. "काकांनीच दिल्यानी. म्हणाले, खुर्ची आत आसा ना माझी, मग झाला."

माझ्या यादीत तेव्हापासून एकोणीस मुद्दे आहेत. शेवटचा असा: मालक दुपारी किती वाजता झोपतो, आणि कुठे?