आमच्या साडूंनी बसवलेला बाजार

स्वस्थ बसलेला माणूस पाहिला की ज्याच्या पोटात दुखू लागतं, असा आमच्या मोठ्या साडूंसारखा दुसरा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात सापडायचा नाही. आणि त्यांना स्वस्थ बसलेला दिसणारा पहिला माणूस बहुतेक वेळा मीच असायचो. मी डोंबिवलीचा, ते कोलशेतचे. खाडीवर नवा पूल झाल्यापासून तर मी त्यांच्या मागच्या गल्लीतच राहतो अशी त्यांची समजूत झालेली. रविवारी सकाळी मी पोह्यांची बशी हातात घेतो न घेतो तोच फोन यायचा. "अरे, जुने कपडे घालून ये," एवढंच म्हणून ते ठेवून द्यायचे. का, कशासाठी, हे विचारण्याची सोय नव्हती. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि त्यात दुपार गेली असती.

साडू कोलशेतच्या एका रसायनांच्या कारखान्यात इंजिनियर होते. कारखाना जवळ म्हणून तरुणपणी त्यांनी गावठाणात दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि तिथलेच होऊन गेले. पुढे कारखाना बंद पडला, त्या जागी टॉवर उठले. गावकऱ्यांनी शेतं आणि मिठागरं विकली आणि बरेचसे त्याच टॉवरांत राहायला गेले. गावठाण मधल्या मध्ये राहिलं. पिठाची गिरणी थांबली, शिंपी गेला, शेवटी वाण्यानेही दुकानाला कुलूप घातलं. त्या दिवशी साडूंना चहाच्या साखरेसाठी रिक्षा करून हमरस्त्यावर जावं लागलं. परतले ते तावातावाने. आता हे गाव आपणच पुन्हा उभं करायचं, असं त्यांनी ताईंना, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, सांगून टाकलं. ताईंनी त्यांना घरातला नळ कधीपासून गळतोय याची आठवण करून दिली. गावापुढे नळाचं काय घेऊन बसलीस, असं त्यावर उत्तर मिळालं.

पहिला उपक्रम रंगाचा. सगळ्या गल्लीच्या भिंती एकाच रंगाच्या झाल्या की माणसांची मनं जुळतात, असा त्यांचा सिद्धांत. रंग निवडला झेंडूचा पिवळा. माझ्यासह चार सज्जन माणसांनी दोन रविवार भिंती पिवळ्या केल्या. मनं जुळली ती साडूंच्या विरोधात, कारण संध्याकाळचं ऊन त्या भिंतींवर पडलं की समोरच्या घरात डोळे उघडून बसता येईना. मग अवजारांची पेढी निघाली. प्रत्येकाने आपल्याकडची वस्तू ठेवायची आणि लागेल त्याने न्यायची. लोकांनी बंद पडलेले मिक्सर आणून ठेवले. चालू स्थितीतली एकमेव वस्तू म्हणजे माझं ड्रिल मशीन. ते कोणीतरी नेलं आणि अजून त्याला लागतंच आहे. मी चिडलो तेव्हा साडू शांतपणे म्हणाले की वस्तू फिरतेय म्हणजे योजना चालतेय.

या सगळ्यातून त्यांच्या डोक्यात बाजार शिरला. गावात दर रविवारी बाजार भरला की माणसं आपोआप येतील. जागाही त्यांनी हेरून ठेवली होती. गावाच्या टोकाला मिठाची जुनी वखार होती, पुढे प्रशस्त अंगण, मधोमध चिंच. मालक गावातलेच एक पाटील. त्यांना ते अंगण सपाट करून गाड्या लावायला द्यायचं होतं. एकदा डांबर पडलं की गावात चार माणसांनी एकत्र बसावं अशी दुसरी जागा उरणार नव्हती. साडू रोज सकाळी पाटलांच्या दारात जाऊन बसू लागले. पाटील न्हाणीघरात लपायचे. साडू पाटलीणबाईंशी बोलत बसायचे. पाटील तरी किती वेळ आंघोळ करणार? शेवटी ते टॉवेलवरच बाहेर आले आणि म्हणाले, "घ्या ते अंगण रविवारचं. पन माना सकालची चा सुखानं पिऊ द्या."

बाजार भरला आणि त्याच दिवशी पडला. साडूंनी नियमच तसे केले होते. सुरुवातीला प्रार्थना, मग त्यांचं भाषण, दुकानं वर्णमालेच्या क्रमाने आणि विकायला आवळासुपारी, कापडी पिशव्या, जुनी पुस्तकं. गिऱ्हाईक एकच आलं, ते म्हणजे मी, तेही ताईंनी डोळे वटारले म्हणून. गोमाआजी नावाची एक म्हातारी चिंचेखाली बसून हा सोहळा पाहत होती. तिने साडूंना जवळ बोलावून सांगितलं, "सुकट ठेव, बोंबील ठेव. मंग बघ कोन कोन येतंय." आमचे साडू लसणाचा वास आला तरी खिडकी उघडणारे. त्यांचा चेहरा उतरला. पण पुढच्या रविवारी आजी आणि तिच्या सुना टोपल्या घेऊन बसल्या, शेजारी तांदळाच्या भाकरी आणि करांद्यांच्या कंदांची रास, आणि टॉवरमधली माणसं मुलाबाळांसकट खाली उतरली. साडू वाऱ्याच्या उलट बाजूला, नाकाला कापराचा रुमाल लावून उभे होते. रुमालाच्या वर दिसणारे त्यांचे डोळे मात्र लग्नघरातल्या यजमानासारखे चमकत होते. मी जाऊन म्हटलं, आता तरी घरी जाऊ का? तर मला खुर्च्या मोजायला पाठवलं.

मग पुढच्या पावसाळ्याच्या आधी ते बाजाराचा फलक सरळ करायला शिडीवर चढले आणि खाली आले ते शिडीशिवाय. खुब्याचं हाड मोडलं. मुलगी येऊन दोघांना पुण्याला घेऊन गेली. मला वाटलं, संपलं. तिथूनही दर आठवड्याला ताकीद, बाजारात जाऊन ये, कोण आलं, कोण नाही ते सांग. मी कुरकुरत जायचो. तिथे प्रार्थना बंद झाली होती, भाषण अर्थातच नव्हतं आणि वर्णमाला तर कोणाच्या गावीही नव्हती. आणि बाजार वखारीचं अंगण ओलांडून गल्लीत शिरला होता. कल्हईवाला आला होता, बांगड्यांचा गाडा आला होता, बंद घरांच्या ओट्यांवर बायका भाजी मांडून बसल्या होत्या. अंगणात गाड्या लावायचं नाव पाटील काढत नव्हते, कारण त्यांच्या धाकट्या सुनेचाच पापडांचा धंदा तिथे जोरात चालला होता. तुमचा एकही नियम शिल्लक नाही, हे मी साडूंना जरा चवीनेच सांगितलं. त्यांनी फक्त कल्हईवाला कुठे बसतो ते विचारलं आणि फोन ठेवून दिला.

हिवाळ्यात ते काठी घेऊन आले, पण कोलशेतच्या खोल्या रिकाम्या करायला. जिने आता झेपणार नव्हते. सामान टेम्पोत चढलं, ताई शेजारणींचा निरोप घेत होत्या, आणि साडू मला म्हणाले, चल, एक फेरी मारू. रविवार होताच. गर्दीत ओळखीचे चेहरे कमी होते. गोमाआजी नातीच्या लग्नाला गेली होती, पाटील कुठे दिसले नाहीत. साडू दमले आणि चिंचेखालच्या कट्ट्यावर टेकले. तेवढ्यात एक तरुण बाई डोक्यावर करांद्यांची पाटी घेऊन आली. ती नवीन असावी.

"आजोबा, उठा इथनं," ती म्हणाली. "ही बाजाराची जागा आहे. टाइमपासला बसायचं तर पलीकडे बसा."

माझं डोकंच फिरलं. बाई, हे कोण आहेत माहीत आहे का, असं मी म्हणणार तोच साडूंनी माझं मनगट घट्ट धरलं. काठी टेकवत ते मुकाट्याने उठले, पाटी उतरवायला त्यांनी तिला एक हात लावला आणि पलीकडे जाऊन उभे राहिले. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"ऐकलंस ना?" ते हळूच म्हणाले. "बाजाराची जागा म्हणाली."