भुताच्या मॅडम आणि सुनंदाची खोली

श्रीरामपूरच्या कॉलेजात आम्हाला इंग्रजी शिकवणाऱ्या मॅडम भयकथा भर दुपारी, खिडक्या सताड उघडून शिकवत. सगळं कॉलेज त्यांना 'भुताच्या मॅडम' म्हणायचं, आणि ते त्यांना आवडायचंही.

"भूत राहू द्या. घाबरलंय कोण ते आधी सांगा," हा त्यांचा पहिला प्रश्न. मग व्हिक्टोरिया राणीच्या काळातला इंग्रज त्या आमच्यापुढे उभा करायच्या. माणूस जनावरापासून घडला असं शास्त्र सांगू लागलं, तशी त्या सभ्य लोकांना स्वतःचीच धास्ती वाटू लागली. म्हणून त्यांच्या गोष्टींत कडक इस्त्रीच्या कोटातून पशू निघतो. घरात नकोशी झालेली बाई वेडी ठरवून कोंडली जायची. गोष्टीत तीच माडीवरून किंचाळते. "किंकाळी ऐकलीत ना? मग कडी कुणी लावली तेही विचारा."

माझी मैत्रीण सुनंदा बरेच दिवस वर्गात आली नाही. तिच्या अंगात येतं म्हणून घरच्यांनी तिला कोंडलंय, आज भगत येणार आहे, असं मला कळलं. मी मॅडमना सांगितलं. त्यांनी तास सोडला आणि मला स्कूटीवर मागे बसवलं.

सुनंदाच्या वस्तीवर पोहोचलो तेव्हा बंद दाराच्या फटीतून मिरच्यांचा धूर येत होता. आत सुनंदा खोकत होती. तिचे वडील दाराला पाठ लावून उभे होते.

"मॅडम, तुमी यात पडू नका. पोरीला भायेरचं झालंय."

"असेल. मग मलाही तिच्याबरोबर कोंडा."

"लई वंगाळ हाय ते. तुमाला काय झालं तर?"

"आणि तिला झालं तर?"

वडिलांनी कडी काढली. मॅडम आत शिरल्या तोच अंगणातला भगत धावत आला आणि त्याने कडी पुन्हा लावली. बाहेर मला दोघींचा खोकला ऐकू येत होता. मग एकीचाच.

"अहो सुनंदाचे वडील, आत या!" मॅडम घोगऱ्या आवाजात ओरडल्या. "तिला झटका आलाय. स्वतः बघा!"

वडिलांनी भगताला ढकललं, दार उघडलं. धुरात मॅडम जमिनीवर बसल्या होत्या. सुनंदाला त्यांनी कुशीवर वळवलं होतं, डोक्याखाली स्वतःचा पदर दिला होता. ती हातपाय झाडत होती. थोड्या वेळाने ती शांत झाली. डोळे उघडून पुटपुटली, "आण्णा, मला भायेर न्या."

वडिलांनी तिला उचललं आणि शेजाऱ्याच्या टेम्पोतून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फेफरं असल्याचं सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या, झटके कमी झाले, सुनंदा कॉलेजात परतली.

मॅडमना मुळातच दमा होता, हे आम्हाला नंतर कळलं. त्या धुराने बसलेला आवाज पुरता परत आलाच नाही. त्या शिकवू लागल्या की शब्द तिसऱ्या बाकापर्यंतही पोहोचत नसत. कुणी कुणाला सांगितलं नाही, पण वर्गाने मागचे बाक सोडले. पुढच्या दोन बाकांवर आम्ही दाटीवाटीने बसू लागलो, आणि जागा न मिळालेले खाली, त्यांच्या पायांशी.