नेवता दिलेला भुईआवळा

माझ्या पोरीला कावीळ झाली, तेव्हा मी आमच्या गावदेवीवर, मातामायवर चिडलेच होते. सगळं नवरात्र तिच्या पारावर दिवा लावला, एक दिवस खाडा नाही, आणि नेमकं माझंच लेकरू अंथरुणाला खिळलं. डोळे पिवळेजर्द, पोटात घोटभर पाणी ठरेना. तिरोड्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

सासूबाई म्हणाल्या, जोडीला भुईआवळा देऊन बघू. त्यांच्या माहेरी काविळीला तो वाटून ताकातून देतात. शेजारच्या धानाच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, मी तो पाहिला होता. विळा घेऊन निघाले, तर त्यांनी दारातच अडवलं.

"अशी हपापल्यावानी कायले जाऊन राहिली? जडीले आधी नेवता द्या लागते. आज बोलावून ये, उद्या आणजो."

आमच्याकडे ही रीतच आहे. आदल्या संध्याकाळी रोपाला हळदीचे तांदूळ वाहायचे, घरी चल म्हणून विनवायचं, आणि सकाळी कुणाशी न बोलता ते आणायचं. मी मुळात तापट. पोर घरात कण्हतेय आणि इथे झाडपाल्याचे मानपान, असं मनात आलं. तरी गेले. तांदूळ वाहिले, "माझ्या पोरीसाठी चल माय," म्हटलं. मातामायलाही म्हटलं, एवढं औषध तरी दे. कोण बघतंय, आताच उपटावं, म्हणून रोपाला हातही घातला. पण का कोण जाणे, तो मागे घेतला आणि घरी आले.

उजाडताच पुन्हा गेले, तर त्या रोपाशेजारी एक अनोळखी माणूस उकिडवा बसलेला. बोलायचं नव्हतं म्हणून मी मान खाली घालून पुढे झाले.

"बाई, हात नोका लावू. काल दुपारी या धुऱ्यावर तण मारायची दवाई फवारली मी."

रोप तर अगदी टवटवीत दिसत होतं. मी तिथेच खाली बसले. तो दुसऱ्या गावचा, रोजीनं फवारणीला आलेला. सांजेला परतताना त्याला पिवळे तांदूळ दिसले होते. "कोणाच्या तरी घरी बिमार असन, सकाळी कोणी येईन, म्हणून अंधाराचाच येऊन बसलो."

"मग उपटून फेकायचं ना," मी म्हटलं.

"नेवता तुमचा. मी कसा उपटू?"

मी त्याच्या पाया पडायला वाकले, तर तो संकोचून मागे सरला आणि पोरीला काय झालंय ते विचारू लागला. सगळं ऐकून म्हणाला, पाणी ठरत नसन तर घरी ठेवू नोका. त्याच सकाळी आम्ही तिला तिरोड्याला दवाखान्यात भरती केलं. डॉक्टर म्हणाले, बरं केलं आणलंत. बरी व्हायला वेळ लागला, पण झाली.

याला चमत्कार म्हणावं का, मला ठाऊक नाही. कुणाशी त्यावर वाद घालायची इच्छाही नाही. पण आदल्या संध्याकाळी मी सासूबाईंचं ऐकलं नसतं, तर माझ्याच हातानं लेकराला विष पाजलं असतं. आठवलं की अजून अंगावर काटा येतो, आणि हात आपोआप जोडले जातात. मी मातामायकडे औषध मागितलं होतं. ते तिनं दिलं नाही, म्हणून माझी पोर आज माझ्याजवळ आहे.