मागच्या सीटखालचा उंदीर

गाडी नीट चालत असेल तर सांगण्यासारखं काही घडत नाही. ती बंद पडायला लागली की मात्र किस्से साठत जातात! माझी व्हॅन जुनी, त्यामुळे माझ्याकडे साठा भरपूर. आठवड्यातून दोनदा मी राळेगावहून पेशंट घेऊन यवतमाळला डायलिसिसला जातो. माणसं किडनीची पेशंट आणि गाडी वायरिंगची, अशी आमची वरात.

गाडीचा आजार असा की चालता चालता मीटरवरचे सगळे दिवे एकदम लागायचे, काटे शून्यावर पडायचे आणि इंजिन बंद! थोड्या वेळाने पुन्हा सुरू, जसं काही झालंच नव्हतं.

*

रफीकभाई आमच्या गावचे ऑटो इलेक्ट्रिशियन. त्यांनी स्कॅनर लावून सांगितलं की गाडीत दोन-तीन छोटे कॉम्प्युटर असतात, ते बारीक तारांवरून एकमेकांशी बोलतात, आणि मधूनच त्यांचं बोलणं तुटतं.

मी विचारलं, "काहून तुटते?"

"संजूभाऊ, थे तुटते तवा मी तिथं असलो पाह्यजे ना!"

म्हणून एकदा ते स्कॅनर मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसले. आम्ही दोघं कळंबपर्यंत गेलो, आलुबोंडे खाल्ले, परत आलो. गाडीने हूं की चूं केलं नाही. पाहुण्यांसमोर पोरं वागतात तशी ती रफीकभाईंसमोर वागायची. त्यांनी बॅटरीच्या वायरी बदलल्या, रिले बदलला, आणि दर वेळी छातीठोकपणे सांगितलं की आता झालं. पुढच्याच खेपेला गाडी रस्त्यात उभी.

*

गुलाबराव एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. आता माझे पेशंट, पण कंडक्टरकी काही सुटलेली नाही. प्रत्येकाची सीट त्यांनीच ठरवून दिली आहे आणि दुसऱ्याच्या जागेवर बसलेल्याला ते उठवतात. सगळे चढले की दांडीवर नाण्याने दोनदा टणटण करतात. त्याशिवाय मी गाडी हलवायची नाही!

गाडी बंद पडली की तेच सगळ्यांना उतरवून बाभळीच्या सावलीत उभं करायचे. आणि गंमत म्हणजे, सगळे उतरले की गाडी हमखास सुरू व्हायची.

"गाडीलेही आराम लागते," गुलाबराव म्हणायचे. आम्हाला ते पटायचं, हे विशेष.

*

कौसल्यामावशी आमच्यात सगळ्यात नव्या. एकच सीट रिकामी होती, मागची, चाकावरची. गुलाबरावांनी ती त्यांना दिली. एका खेपेला मावशी भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या, त्या दिवशी गाडी कुठेच थांबली नाही. पुढच्या खेपेला त्या आल्या आणि कळंबच्या अलीकडे सगळे दिवे लागले.

"बाई आली तवापासूनच गाडी बंद पडून राह्यली," गुलाबराव शेजाऱ्याच्या कानात म्हणाले. पण व्हॅन ती केवढी! मावशींनी ऐकलं.

नंतरच्या खेपेला मी त्यांच्या दारात हॉर्न वाजवला, तर आतूनच निरोप आला, तुम्ही जा. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. मग मी गाडी बंद करून घरात गेलो. मावशींचा चेहरा सुजला होता, पायात चप्पल जात नव्हती, बोलताना दम लागत होता. मला धसकाच बसला.

"मावशी, असं करून चालते का? जिवावर बेतन."

"माह्यापाई बाकीच्याईचं काहून मोडू? मी नसलो तं गाडी चालते ना?"

चालत होती, हेच तर दुःख होतं. त्या दिवशी मी हाताला धरून त्यांना गाडीत बसवलं, माझ्या शेजारी पुढे. पुढच्या माणसाला मधल्या सीटवर दाटीने बसवलं, चाकावरची सीट रिकामीच राहिली. गाडी सरळ यवतमाळला पोहोचली. पण मावशींनी बजावलं की ही खेप शेवटची.

*

संध्याकाळी मी रफीकभाईंकडे गेलो तो गाडीसाठी नाही, गुलाबरावांना शिव्या घालायला. शिकल्यासवरल्या माणसाने आजारी बाईला पनवती ठरवावं, याचा मला फार राग आला होता. रफीकभाईंनी ऐकता ऐकता चहाचा कप खाली ठेवला.

"बाई कोणत्या सीटवर बसते?"

मी दाखवलं. ते स्वतः त्या सीटवर जाऊन बसले आणि गाडी चालव म्हणाले. पहिल्याच मोठ्या ब्रेकरवर सगळे दिवे लागले आणि इंजिन बंद पडलं. मागून रफीकभाई असे ओरडले की मला वाटलं लागलं की काय. आनंदाने ओरडत होते!

सीट खोलली. तिच्या लोखंडी पायाखाली तारांचा गठ्ठा दाबला जात होता आणि वरचं प्लास्टिक घासून गेलं होतं. सीटवर वजन आलं आणि धक्का बसला की तार लोखंडाला टेकायची. माणूस उतरला की सुटायची. रफीकभाईंनी तार नवी टाकली, ती पाइपात घालून दुसऱ्या बाजूने नेली.

हात पुसत ते म्हणाले, "गुलाबराव बराबर होता. पण हे कोनाले सांगशीन तं तुह्या गाडीले हात नाही लावणार."

"मंग काय सांगू?"

"उंदीर."

*

पुढच्या खेपेला सकाळी सगळ्यांना सांगितलं की उंदराने तार कुरतडली होती, रफीकभाईंनी शोधून काढली.  मावशींच्या दारात गुलाबराव स्वतः उतरले, त्यांच्या दाराच्या कडीवर नाण्याने दोनदा टणटण केलं, "उंदीर होता, बाई," म्हणाले आणि पुढची सीट त्यांना देऊन स्वतः मागे, चाकावर जाऊन बसले. मावशी पुढे बसल्या. यवतमाळपर्यंत गाडी कुठे थांबली नाही, आणि तेव्हापासून मावशींनी एकही खेप चुकवलेली नाही.

परवा त्यांना घरी सोडलं, तेव्हा त्यांनी पदराआडून भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी काढली आणि माझ्या हातात दिली.

"मले तं डॉक्टरनं बंद केले. रफीकभाईले दे. म्हणा, तुमच्या उंदरासाठी हाय."