इशबेलची कात्री

मे महिना आला की इशबेल गेडीस कात्री घेऊन आमच्या गल्लीत फिरायची आणि लोकांच्या बागेतली कोलंबाइनची फुलं उमलायच्या आत छाटायची. उंच, गुलाबी-जांभळी फुलं ती. इकडे त्यांना आजीबाईची टोपी म्हणतात. स्कॉटलंडात ती कुठेही माजतात, म्हणून कोणी फारसं मनावर घेत नसे. शेजारची एफी रँकिन मात्र घ्यायची. "आली बघ न्हावीण," असं मला कुंपणावरून ऐकवायची.

इशबेलचा जीव अडकला होता तिच्या दारातल्या दगडी कुंडातल्या वीतभर डोंगरी कोलंबाइनमध्ये. नवऱ्याने, टॉर्किलने लावलेलं ते, निळंशार फुलायचं. ही रोपं काही वर्षांत म्हातारी होतात, पुढे सगळं बियांवर. आणि मधमाशीने गल्लीतल्या आजीबाईच्या टोप्यांचा पराग आणला की बी बाटलंच. टॉर्किल गेल्यावर ते बी अस्सल राखायचं, एवढंच तिने धरून ठेवलं होतं. तरी मागे कुठलंसं फूल नजरेतून सुटलं आणि नवी रोपं गुडघ्याएवढी, मळकट जांभळी निघाली. तिने ती सगळी उपटली. अस्सल असं जुनं एकच उरलं.

यंदा ती फिरकलीच नाही. एफी रोज फाटकाकडे बघायची. गुडघे धरले असतील बाईचे, म्हणाली. शेवटी तिने स्वतःच स्वतःची फुलं कापली, मग माझी, मग गल्लीभरची. भरलेली बादली घेऊन ती इशबेलकडे निघाली. मला राहवेना, मीही मागोमाग गेले.

इशबेल स्वयंपाकघरात बसली होती. पुढ्यातल्या चहावर साय धरली होती.

"घे, सगळी छाटली," एफी म्हणाली. "आता तुझी कुंडातली निळी राणी फुलू दे निवांत."

इशबेल बादलीकडे बघत राहिली. "ती हिवाळ्यातच गेली गं. थंडी सोसते, ओल नाही सोसत. हिवाळी पावसाआधी कुंडावर काच ठेवावी लागते. यंदा मला काच उचलवलीच नाही."

एकीने सांगितलं नाही, दुसरी फाटकाकडे नुसती बघत राहिली; मला दोघींचा रागच आला.

"मग सांगायचंस तरी," एफीचा आवाज चढला. "दोन पावलांवर राहते मी. येऊन ठेवली असती."

"सांगायला उठावं लागलं असतं," इशबेल म्हणाली.